'देश' नेमका कुठून सुरू होतो? वर, खाली, परदेशी, विलायती, खुरासणी : गावाकडच्या बोलीतलं जग

मूळ धागा

मंडळी, मी अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, डांगाणात, म्हणजे सह्याद्रीलगतच्या डोंगराळ पट्ट्यात, शाळामास्तर आहे. गेल्या महिन्यात शाळेत जगाचा नवा नकाशा आला. तो भिंतीला लावून मुलांना खंडं दाखवत होतो. नातवाला न्यायला आलेले एक बाबा दारात थांबले होते, खांद्यावर घोंगडी, पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. बराच वेळ नकाशा न्याहाळून त्यांनी विचारलं, "गुर्जी, ह्याच्यात वर कुनीकडं?"

मी उत्तरेकडे बोट केलं. बाबांनी मान हलवली. "तिकडं तर कळसूबाई. तिच्या पल्याड उतार. वर म्हंजी रतनगडाकडं. पानी येतं तिकडून ते वर."

मी नकाशा खिळ्यावरून काढला, पडवीत जमिनीवर अंथरला आणि त्याची पूर्व खऱ्या उगवतीला लावली. बाबा उकिडवे बसले. "आता बसला," म्हणाले. आपला भाग कुठे ते मी दाखवल्यावर तिथे बोट टेकून त्यांनी ते मावळतीकडे सरकवलं. "हितं कडा. कड्याखाली कोकण. मंग दर्या." मग बोट उलट फिरवलं. "आन् आपलं पानी मातर हिकडं जातं, लांबच्या दर्याला."

हे अक्षरशः खरं आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते, १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणात अडते, संगमनेरवरून जाऊन गोदावरीला मिळते आणि ते पाणी थेट आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्र कड्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर, तरी पाणी जातं ते लांबच्या समुद्राला. बाबा शाळेत एक दिवसही बसलेले नाहीत. पाणलोट म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही, त्यांच्या 'वर' या एका शब्दातच ते आहे.

म्हणून हा धागा. आडबाजूच्या गावातली माणसं जग कसं डोळ्यांपुढे आणतात हे त्यांना नकाशा दाखवून कळत नाही, त्यांचे शब्द ऐकून कळतं. मला जे ठाऊक आहे ते मांडतो, तुमच्या भागातलं तुम्ही सांगा.

आधी 'देश'. आमच्याकडे संगमनेरच्या रोखाने निघालेला माणूस म्हणतो, "देशावर चाललो." डोंगर आणि रान संपून मोकळी काळी जमीन लागली की देश लागला. म्हणजे आमचं डांगाण देशात नाही! भारत देश हा अर्थ शाळेतल्या प्रतिज्ञेमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलताना जिभेवर येतो तो जुनाच. 'देशमुख', 'देशपांडे' ही वतनं बघा. तिथला 'देश' म्हणजे परगणा, काही गावांचा समूह, त्याहून मोठा नाही. कोकणस्थ आणि देशस्थ यांतला देश म्हणजे घाटमाथ्यापलीकडचं पठार. एकच शब्द परगण्याएवढा, पठाराएवढा आणि राष्ट्राएवढा होतो आणि बोलणाऱ्याचा गोंधळ कधी होत नाही.

मग 'परदेशी' कोण? महाराष्ट्रात परदेशी हे आडनाव पुष्कळ आहे, आणि ही मंडळी इंग्लंड-अमेरिकेहून आलेली नाहीत. त्यांचे पूर्वज उत्तरेतून आले. पेशवाईतल्या कागदांत 'हिंदुस्थान' हा शब्दसुद्धा बहुतेक वेळा नर्मदेच्या उत्तरेच्या मुलखालाच असतो. स्वारी 'हिंदुस्थानात' जाते आणि १७५८ साली अटकेपार पोचते. म्हणजे त्या वेळच्या मराठी माणसाच्या बोलण्यात हिंदुस्थान हा जाण्याचा प्रदेश होता, राहण्याचा नव्हता.

तसंच 'गंगा'. आमच्या बायाबापड्या मजुरीला 'गंगथडीला' जातात ती गोदावरीच्या काठाला. उत्तरेतल्या नदीला 'काशीची गंगा' असा पुरा पत्ता लावावा लागतो.

'मुलूख' मला सर्वांत आवडतो. मूळ अरबी शब्द राज्याचा, आपल्याकडे त्याच्यातून मुलूखगिरी आली. पण 'मुलखाचा आळशी' म्हणताना आपण त्या आळशाची तुलना साऱ्या जगाशी करतो, आणि 'मुलखावेगळा' माणूस म्हणजे ज्याच्यासारखा दुसरा कुठेच नाही असा. गावाला 'सगळं जग' म्हणायचं असतं तेव्हा हा शब्द कामी येतो.

तुमच्याकडे 'वर' कुठे आहे? 'देश' कुठे सुरू होतो? आणि बाहेरच्या जगाला गावात काय म्हणतात?

प्रतिसाद (मालवणकडून)

सर, आमच्याकडे 'वयर' म्हणजे घाटार. तुमचं वर मावळतीला, आमचं उगवतीला, आणि मधे तोच सह्याद्री. घाटावरून आलेला माणूस कोल्हापूरचा असो की सोलापूरचा, तो घाटी. या शब्दाला मुंबईत हिणवण्याचा वास आला, गावात तो मुळात फक्त दिशा सांगणारा होता.

बाहेरच्या जगाबद्दल सांगायचं तर माझ्या आज्येसाठी जगात तीनच ठिकाणं होती : गाव, मुंबई आणि बोट. शेजारणीने विचारलं, "झील खंय आसा?" की उत्तर यायचं, "बोटीर." बोट कधी रॉटरडॅमला असे, कधी सिंगापूरला, पण आज्येच्या हिशेबात मुलगा बोटीवर होता आणि बोट हेच त्याचं गाव होतं. हे मला चुकीचं वाटत नाही. खलाशाला बंदरात दोन दिवस आणि पाण्यात महिना काढावा लागतो, मग तो राहतो कुठे? नंतर दुबई हा शब्द आला. मस्कत, कुवेत, दोहा, कुठेही असला तरी "दुबयक गेलो". एका शहराच्या नावाखाली सगळं आखात.

प्रतिसाद (मुरूड, रायगड)

वरच्या प्रतिसादाला एक जोड. आमच्या भागाला जुनी माणसं 'हबसाण' म्हणत. हबशी म्हणजे हबसाणातला, आणि हबसाण म्हणजे आफ्रिकेतलं ॲबिसिनिया, आजचं इथिओपिया. तिकडून आलेल्या सिद्दींचं जंजिऱ्यावर राज्य होतं, म्हणून त्यांच्या मुलखालाही तेच नाव पडलं. एक हबसाण समुद्रापलीकडे, एक आमच्या दारात. 'जंजिरा' हाही अरबी 'जझीरा'च, म्हणजे बेट. आपण 'जंजिरा बेट' म्हणतो तेव्हा बेट बेट म्हणत असतो.

प्रतिसाद (चिखली, बुलढाणा)

मास्तर, तुमचा घाट सह्याद्रीचा. आमच्या जिल्ह्यात घाट म्हटलं की अजिंठ्याची रांग. चिखली, मेहकर, बुलढाणा हे घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. निवडणूक असो, सोयरीक असो की पावसाची बातमी, 'घाटावर' आणि 'घाटाखाली' याच भाषेत बोलणं चालतं. जुन्या कागदांत बालाघाट आणि पयनघाट म्हणून वऱ्हाडाचे जे दोन भाग येतात, ते हेच. पुणे-साताऱ्याकडचा माणूस आला की त्याला 'देशावरचा' म्हणतात, म्हणजे आमच्या बोलीत देश मावळतीला आहे. तुमचा उगवतीला, आमचा मावळतीला. दोघांची बोटं एकमेकांकडेच वळतात.

बाहेरचं जग आमच्याकडे कापसाच्या भावातून आलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडातल्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. युद्ध संपलं तसे कोसळले. ज्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नव्हता त्याला लिव्हरपूलच्या बाजाराची झळ बसली ती अशी. आजही आमच्याकडे दिवाळीनंतर पारावर अमेरिकेतल्या कापसाच्या पेऱ्याची चौकशी होते. बसल्या बसल्या भूगोल नाही करत कोणी, घरात क्विंटल पडून असतात म्हणून करतात.

मूळ लेखक

'हबसाण' आणि 'घाटाखाली', दोन्हींबद्दल मनापासून आभार. कापसाचं वाचून वाटलं की 'विलायती'चं आता सांगून टाकावं, कारण माझ्या मते गावाच्या जगाचा खरा इतिहास तिथे साठलेला आहे.

परक्या वनस्पतीला आपल्या बोलीने प्रत्येक काळात एक विशेषण लावलं. जट्रोफाला 'मोगली एरंड' म्हणतात. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं, मोगलांशी त्याचा संबंध नाही. पण नाव पडलं तेव्हा बाहेरून येणारी मोठी सत्ता मोगलांची असणार. पिवळ्या धोत्र्याला 'फिरंगी धोत्रा' म्हणतात, तोही मेक्सिकोकडचाच. 'फिरंग' तर इतका मुरला की युरोपी पात्याच्या सरळ तलवारीचं नावच फिरंग झालं. त्यानंतर विलायतीचा जमाना : विलायती चिंच, विलायती बाभूळ, विलायती शेर. विलायती चिंचेचं मूळसुद्धा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतच आहे. विलायत हा शब्दही अरबी, अर्थ प्रांत. तुर्की साम्राज्यात प्रांतांना हाच शब्द होता. आपल्याकडे तो इंग्लंडचं नाव झाला, आणि हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी 'बिलायती' उचलून आपल्या मायदेशाला 'ब्लायटी' म्हणायला सुरुवात केली. पार फिरून गेलेला असा शब्द विरळाच.

बघा, झाडं सगळी मेक्सिकोच्या आसपासची, नावं मात्र मोगली, फिरंगी, विलायती. नाव सांगतं ते झाडाच्या जन्माचं ठिकाण नाही, त्या काळात गावाला 'बाहेर' कुठून जाणवत होतं ते. आज मुलं तुटक्या खेळण्याला 'चायना' म्हणतात, त्याच रांगेतला हा पुढचा शब्द.

आणि 'काँग्रेस गवत'. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नोंदलं गेलं आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं सर्रास मानतात. परदेशी गव्हाचा राग लोकांनी परदेशावर न काढता सरकारी पक्षाचं नाव गवताला देऊन काढला, असं म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळातला लाल 'मिलो', म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी, आठवणारी माणसं अजून आहेत. आमच्या वाडीतल्या एका आजींना अमेरिकेबद्दल विचारलं तर त्या आधी तोंड कडू करतात आणि मग म्हणतात, "मिलो तिथलीच ना?"

प्रतिसाद (पुणे)

पेरू हा पेरू देशातून आला म्हणून पेरू, हेही यात धरा.

मूळ लेखक

हे धरता येणार नाही, ताई. फळ तिकडच्याच खंडातलं आहे, पण नाव पोर्तुगीज 'पेरा'वरून आलं, म्हणजे नासपती. कोकणीत अजून 'पेर' म्हणतात. ज्याच्या नावात देश खरोखर दडलाय असं मानतात ती मोसंबी, मोझांबिकवरून.

प्रतिसाद (रावेर, जळगाव)

आमच्या केळीच्या एका जातीचं नाव बसराई. म्हणजे इराकातल्या बसऱ्याची. आजोबा बसरा कुठे ते सांगू शकले नसते, पण बसराईचा घड लांबून ओळखायचे.

मूळ लेखक

रावेरकरांच्या ओळीवरून गोठ्याकडे वळतो. काल संध्याकाळी दूध संकलनाला उभा होतो. एक बाई सांगत होती, "जर्सी आटलीय, डांगी देते शेरभर." डांगी ही आमची इथलीच गाय. जर्सी हे इंग्लिश खाडीतलं जेमतेम १२० चौरस किलोमीटरचं बेट, आमच्या एका तालुक्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. लंडनचं नाव ज्या घरात महिनोन् महिने निघत नाही त्या घरात या बेटाचं नाव दिवसातून दोनदा निघतं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारेला. सानेन शेळी स्वित्झर्लंडमधल्या खोऱ्याची. बरबरी शेळीचं नाव सोमालियाच्या किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदराशी जोडतात. लेगहॉर्न कोंबडी इटलीतल्या लिव्होर्नो बंदराच्या नावाची. काबुली चणा, चिनी मातीची बरणी. एका घरातला सगळा नकाशा गोळा केला तर वर्गातल्यापेक्षा दाट निघेल.

याच्यावर 'पण त्यांना ते देश आहेत हे ठाऊक नसतं' असं कोणी म्हणेल. मान्य. मात्र जर्सी म्हणजे जास्त दूध, उन्हात धापा टाकणारं जनावर आणि डांगी म्हणजे पावसात टिकणारं जनावर, एवढं त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. थंड मुलखातलं जनावर उन्हाला भितं हे तिने गोठ्यातच शिकून घेतलं. हवामानाचा धडा याहून वेगळा काय असतो?

प्रतिसाद (सातारा)

गुरुजी, पलटणीचा मुद्दा राहिला. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत. गावाला नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, १९१६ साली तिथलं कूत शहर पडलं तेव्हा त्यातले कितीतरी जण तुर्कांच्या कैदेत गेले. दुसऱ्या युद्धात रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हाच्या कोकणातल्या एखाद्या वाडीला मराठवाडा ठाऊक नसेल, पण इटली ठाऊक होती. आमच्या पणजीला बसरा हे माणूस परत येत नाही अशा जागेचं नाव म्हणून माहीत होतं. रावेरच्या दादांची केळी वाचली आणि हे लिहावंसं वाटलं. एकच नाव, एका घरात गोड आणि एका घरात असं.

प्रतिसाद (नाशिक)

माझे वडील भिक्षुकी करायचे. संकल्प सांगताना भरतवर्षे, भरतखंडे, जंबुद्वीपे, दंडकारण्ये देशे, मग गोदावर्याः दक्षिणे तीरे असं म्हणत ते यजमानाच्या पाटापर्यंत यायचे. लहानपणी मला तो पोस्टाचा पत्ताच वाटायचा, मोठ्यापासून लहानाकडे उतरत जाणारा. त्यातही 'देश' आहे बघा, आणि तो दंडकारण्याला लावलाय. गोदावरीच्या उत्तर काठाला पूजा असली की वडील आठवणीने 'उत्तरे तीरे' म्हणायचे. नदीचा कुठला काठ हे चुकलं तर पूजा भलत्याच पत्त्यावर जाईल असं म्हणायचे, आणि ते मनापासून म्हणायचे.

प्रतिसाद (सध्या कॅलिफोर्निया, मूळ कराडजवळ)

आईला अमेरिका किती लांब हे मैलांत कधीच सांगता आलं नाही. पण फोन उचलल्यावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं : "तिकडं उजाडलं का?" तिच्या हिशेबात मी जिथे आहे तिथे सूर्य तिच्याकडून मावळून येतो. परवा म्हणाली, "आत्ता मावळला हितं, धाडलाय तुझ्याकडं." पृथ्वी गोल आहे असं ती कधी म्हणालेली नाही.

मूळ लेखक

कराडकरांचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. नाशिकच्या ताई, 'दंडकारण्ये देशे' माझ्या वहीत गेलं.

आता खुरासणी, जी शीर्षकात घातली आणि सांगायची राहून गेली. आमच्या डोंगरउतारांवर अश्विनात जे पिवळं रान फुलतं ते हिचं. बाकी महाराष्ट्रात 'कारळे' म्हणतात, चटणी सगळ्यांनी खाल्ली असेल. खुरासणी म्हणजे खुरासानची, इराण-अफगाणिस्तानकडच्या त्या जुन्या प्रांताची. खुरासनी ओवाही त्याच नावाचा.

परवा त्याच बाबांना हे सांगितलं. त्यांनी नकाशा अंथरायला लावला, उगवतीला लावून. खुरासान कुठे ते दाखवलं. त्यांनी रतनगडापासून तिथवर वीत टाकून पाहिली आणि विचारलं, "पाऊस कसा तिकडं?" कुठल्याही ठिकाणावर बोट ठेवलं की ते आधी हेच विचारतात. राजा कोण, शहर कुठलं, भाषा कुठली हे नंतर.

म्हटलं, फार कमी. कोरडा मुलूख, केशर होतं तिथे.

"मंग खुरासणी तिथली न्हाय," बाबा म्हणाले. "पान्याबिगर हुभी ऱ्हाईल का ती? हलकी जमीन चालंल, पर पाऊस पायजे."

मी घरी येऊन पुस्तक काढलं. वनस्पतिशास्त्रज्ञ या पिकाचं मूळ इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर मानतात, आणि शास्त्रीय नावातही ॲबिसिनिया आहे. तिथला मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर. नावाने खुरासान सांगितलं, बाबांनी ते पावसावरून खोडलं आणि ते बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी मुरूडकरांचा शब्द वापरला. म्हटलं, बाबा, खुरासणी हबसाणातली. त्यांनी नकाशावर तो डोंगराळ तपकिरी रंग बोटाने चाचपला. "घाट हाय का तिथं?"

आहे म्हटलं. मोठा आहे.

"आन् पाऊस आपल्याच टायमाला?"

हो, ज्येष्ठ ते भाद्रपद.

"मंग आसंल," म्हणाले, आणि नातवाचं दप्तर उचलून निघाले.